डाव्या हाताचा फेस

साडेतीन वाजले की इवाओ स्वयंपाकघराच्या दाराशी येतो,
काठी भिंतीला टेकवतो आणि उभा राहतो.
बोलत नाही.
बोलायला तो पूर्वीही कुठं राजी होता,
आता निमित्त मिळालंय एवढंच.

अडतीस वर्षं त्यानं जात्यांना टाकी लावली.
निशिओतल्या निम्म्या चहावाल्यांची जाती
त्याच्या छिन्नीखालून गेली.
तासाला चाळीस ग्रॅम, म्हणायचा.
त्याहून घाई केलीत तर दगड तापतो
आणि चहाचा वास उडून जातो.
घाईच्या माणसांबद्दलही त्याचं हेच मत.
मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात होते.
दर अकरा सेकंदांना एक वॉशर.
तुमचं जमलं कसं, असं आमचा तोमोहिसा
नागोयाहून आला की अजून विचारतो.

जमलं, कारण चहाच्या वेळी मी बाहेर असायचे.
वाडगा त्याचा, गाळणी त्याची, पाणीसुद्धा त्याचं.
मी आपली अंगणात, डब्यातली गोड कॉफी घेऊन.

फेब्रुवारीत त्याची उजवी बाजू गेली.
आता मे आहे. खिडकीबाहेर चहाचे मळे
काळं कापड पांघरून अंधारात हिरवे होतायत.
आणि मी ओट्यापाशी उभी आहे,
या घरात पहिल्यांदाच आल्यासारखी.

डबा तो पोटाशी दाबून धरतो, झाकण मी ओढते.
फक्कन उडते हिरवी धूळ,
त्याच्या स्वेटरवर, माझ्या चष्म्यावर.
दोन चमचे गाळणीत. गुठळ्या बोटानं मोडायला गेले
तर त्यानं भिंतीवर टकटक केली:
बोटानं नाही, चमच्याच्या पाठीनं.
किटली शिट्टी मारते, मी उचलते. पुन्हा टकटक.
उकळतं पाणी आधी एका पेल्यात,
मग दुसऱ्यात, मग नुसतं थांबायचं.
थांबायचं म्हणजे किती?
त्याला ते आकड्यात कधीच सांगता आलं नाही.
मी मनात वॉशर मोजते. आठ वॉशर.
तो मान हलवतो.

बांबूचा चासेन कोमट पाण्यात भिजून
काड्या सैल सोडून बसलाय.
तो डाव्या हातात घेतो. मनगट वळत नाही,
खांद्यापासून सगळा हात हलतो,
आणि वाडगा ओट्यावर सरकत सुटतो,
खेकड्यासारखा.
मी दोन्ही हातांनी वाडगा धरला.
कुणी सांगितलं नव्हतं.

जात्याची तळी हलली की संपलं,
हे वाक्य मी जेवताना इतक्यांदा ऐकलंय
की त्यापायी भात गार झालाय माझा.
तर मी हलले नाही.
तळहातांना मातीची ऊब, आणि मातीतून
त्याच्या हाताची थरथर, पुढे मागे, पुढे मागे,
मध्येच चुकून गोल,
मग स्वतःवरच चिडून पुन्हा पुढे मागे.

फेस आला नाही.
भांडी विसळल्यावर येतात तसे
चार मोठे बुडबुडे आले,
त्यातले दोन आम्ही बघता बघता फुटले.
इवाओनं वाडग्यात डोकावून पाहिलं,
टाकी चुकलेल्या दगडाकडे पाहायचा तसं.
मग प्यायला. हनुवटीवरून एक ओघळ
सरळ कॉलरमध्ये गेला.
पुसायला गेले तर त्यानं माझ्या हातात
वाडगाच दिला. अर्धा होता.

कडू. म्हणजे कडूच.
शेवाळलेल्या दगडाला जीभ लावल्यासारखं.
लोक याचे पैसे देतात.
शेवटच्या घोटाबरोबर काहीतरी ओठाला टोचलं:
चासेनची तुटलेली काडी, नखाएवढी.
मी ती त्याला दाखवली.
तो हसला, म्हणजे त्याची डावी बाजू हसली,
आणि ओठ हलवत, फार वेळ लावत,
तीन महिन्यांत पहिल्यांदा
एक आकडा नीट बोलला:

दहा.

दहा वॉशर. पाण्याला.