प्रूफ

राम आळीच्या तोंडाशी, झेरॉक्सच्या मागच्या खोलीत
मी मेनूकार्डं करतो.
आधी लग्नपत्रिका करायचो. त्या आता मोबाईलवर जातात.
हॉटेलं मात्र वाढतायत.
मारुती मंदिरापासून खाली भाट्याच्या पुलापर्यंत
दर दोन महिन्यांनी एक नारळ फुटतो
आणि फुटायच्या आदल्या रात्री
मालक माझ्याकडे येतो, घामाघूम, पेन ड्राईव्ह घेऊन.

मी स्वतः बाहेर जेवत नाही फारसा,
पण गावात काय शिजणार ते मला आधी कळतं.
तिसऱ्या लिहू की शिंपल्या, यावर मी भांडलोय.
मोरी नको म्हणाले मुबीन फणसोपकर,
पुण्याच्या गिऱ्हाइकाला न्हाणीघर आठवतं.
मग शार्क केलं. खपलं.
पापलेटचा दर दर वर्षी स्टिकरखाली जातो.
नखाने खरवडलंत तर खाली सहाशे,
त्याखाली चारशे,
त्याखाली नुसतं प्लॅस्टिक.

बंद पडलेली हॉटेलं माझ्या कॉम्प्युटरात आहेत.
लाटांगण. आगोट. नुस्तं अँड मोअर.
पुसत नाही मी. सोलकढीचा फोटो अजून तोच चालतो.

अद्वैत पिलणकर मांडवीजवळच्या बर्फाच्या कारखान्यात आला.
कारखाना म्हणजे आता नावालाच;
जिथे लाद्या फोडायचे तिथे टेबलं,
जाळ्याच्या बोयांतून पिवळे दिवे लोंबकळतात
उंच माणसाच्या कपाळाला लागतील असे.
कागद खरबरीत हवा, म्हणाला, सुतळी हवी,
आणि वर घ्या, ‘आईच्या हातची चव’.
कोणाच्या आईच्या?
तसं नाही हो काका. फील.

साडेतीनला प्रूफ घेऊन गेलो.
मालक झोपायला गेलेला. खुर्च्या टेबलांवर पालथ्या.
मागच्या दारी, रिकाम्या क्रेटवर
आईचे हात जेवत बसले होते.
सुकरा नाव. गुमल्याचा. वय असेल बावीस.
तिरफळ कधी घालायचं ते त्याला इथे येऊन कळलं,
वेरावळची सुरमई तो मालवणी करतो,
बंदीच्या दिवसांतसुद्धा ताजी.

ताटात भात आणि काळपट काहीतरी.
बसा, म्हणाला.
जवळा होता. मिरकरवाड्यात वाळूवर पसरतात तोच,
तव्यावर भाजून, लसणाबरोबर ठेचून,
वरून सरसूचं कच्चं तेल.
आमच्यात कांदा पडतो, दोन आमसुलं पडतात.
हे नाकातून वर गेलं, डोळ्यांत आलं,
आणि मी तिसरा घास मागून घेतला.
आम्ही बोललो नाही फारसं. त्याला मराठी कामापुरती,
मला हिंदी त्याहून कमी.
इतकी कार्डं केली,
जवळा एकावरही टाकलेला आठवेना.

तिसऱ्या पानावर, खाली, एक ओळ शिल्लक होती.
रात्री ती भरली:
जवळा, सुकराच्या पद्धतीचा.

अद्वैतने लाल पेन काढलं.
जवळा? काका, वास येतो. आत एसी आहे.
मी वाद घातला नाही. माझे साडेनऊ हजार यायचे होते.
तिथे मोदक आले, आइस्क्रीमसोबत.

चाळीस कार्डं दिली त्याला.
एक्केचाळिसावं मागच्या दाराने दिलं.
सुकराने हात पँटला पुसले,
सुतळी न सोडता उलटलं, तिसऱ्या पानावर आला.
बोट ठेवून वाचलं, सु, क, रा,
आणि अडला.
ये ‘च्या’ क्या है?
म्हटलं, तुझं आहे, असं.

दराचा रकाना मी कोरा ठेवला होता.
त्यावर त्याने अंगठा फिरवून बघितला.
आतून हाक आली,
टेबल सहा, दोन सोलकढी,
आणि कार्ड त्याने तांदळाच्या डब्यामागे उभं केलं,
तेल उडणार नाही अशा बाजूला.