दलपुंज

मुलगा पुण्याहून आला, खिशात लोहचुंबक घेऊन.
आधी वाकून नमस्कार केला,
मग दाराखालच्या पत्र्याला चुंबक लावून पाहिलं.
जिथे चिकटलं नाही तिथे पुट्टी, असं वहीत टिपलं.
म्हणाला, एकाहत्तरचं मॉडेल, बाराशे सीसी,
आपल्याकडे अशा किती उरल्या असतील, मॅडम?
तीस वर्षं मी नववीला जीवशास्त्र शिकवलं.
म्हटलं, कोरोला म्हणजे दलपुंज.
फुलातलं पाकळ्यांचं वर्तुळ. लिहा.
त्याने नाही लिहिलं.

अप्पा, म्हणजे अंबादास यलदी, विव्हिंग मास्तर,
कन्ना चौकातून निघाले ते थेट टांझानियाला,
एका सरोवराकाठच्या कापूसगिरणीत.
सात वर्षांनी लोक परतले सोनं घेऊन, टेपरेकॉर्डर घेऊन.
अप्पांनी बोटीवर ही चढवली.
मुंबई बंदरात जकात भरताना आईच्या पाटल्या गेल्या,
त्यावर आई तेलुगूत जे बोलली
त्याला मराठीत शब्द नाहीत, बरं आहे.

"माग करणाऱ्या घरातली आहे ही,"
अप्पा बॉनेटवर हात ठेवून सांगायचे, स्थळ सांगावं तसे.
"त्यांनी आधी माग केले.
धागा तुटला की आपसूक थांबणारा माग.
मोटार मागनं सुचली.
म्हणजे आपल्यातलीच की."
आई तेव्हा पहिल्यांदा हसली.

मुलगा सांगत होता, आणि छान सांगत होता,
त्र्याहत्तरात तेल कसं भडकलं,
अमेरिकेतल्या लांबलचक गाड्या पंपापुढे कशा ताटकळल्या
आणि जगाला अचानक छोट्यांची किंमत कशी कळली.
मी मान हलवत होते.
मला दिसत होती गड्ड्याची रात्र,
मागे सहा पोरं, पुढे चुलती, तिच्या मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं,
आणि होम मैदानाकडे वळताना अप्पांचं ते उगाचच हॉर्न वाजवणं.

गिरणीचा भोंगा थांबला
त्या वर्षी गाडी आठ महिने हलली नाही.
अप्पा म्हणाले, एकही धागा तुटला नव्हता गं,
तरी सगळे माग थांबले.
हे जपान्यांनाही सुचलं नसतं.

मौला मिस्त्रींनी बॉनेट उघडलं.
कार्ब्युरेटर फियाटचा. रेडिएटर कुणाचा, आठवत नाही.
गिअरच्या दांड्यावर लाकडी बॉबिन.
मुलाची वही भरत चालली, चेहरा उतरत चालला.
सीटवर हात फिरवून म्हणाला,
मूळ कापड असतं तर लाखभर वाढले असते.
मूळ कापड रेक्झिनचं होतं, बाळा.
मे महिन्यात सोलापुरात रेक्झिनवर बसून बघ.
ही चादर आहे. मोर उलटा आलाय,
म्हणून तर तुकडा बाद होऊन घरी आला.

मग वाकून त्याने इंजिन फडक्यानं पुसलं,
कॉइलपाशी गुंडाळलेलं मळकं सूत
कचरा म्हणून ओढून काढलं, खाली टाकलं.
मी ते उचललं. सवय आहे,
विणकराच्या घरात सूत तुडवत नाहीत.

सौदा झाला. ठरल्यापेक्षा कमीच.
त्याने चावी फिरवली, ती लगेच बोलली,
अंगण ओलांडलं, फाटकापर्यंत गेली
आणि थांबली.
मुलगा उतरला, पेट्रोल पाहिलं, बॅटरी पाहिली,
कुणाला तरी पुण्याला फोन लावला.
"दम खा की बे," मौला मिस्त्री म्हणाले,
"कुठलातरी धागा तुटला असंल."

कुठला ते मला माहीत होतं.
अप्पांची गाठ माझ्या मुठीत होती, तेलकट, घट्ट.
मी आत जाऊन चहा टाकला,
तिघांचा. सावकाश उकळू दिला.