पडद्यापलीकडचं माप

टेपचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं पडद्याच्या आत.
मदबहात मला जाता येत नाही:
बाई म्हणून, आणि बाप्तिस्मा नाही म्हणूनही.
कुठलं कारण आधी, ते मी विचारलं नाही.
गीवर्गीस अच्चन आतून आकडे सांगतात,
अर्धे मल्याळममध्ये, अर्धे जेल रोडच्या मराठीत:
"पदिनेळ... सतरा हो, सतरा फूट, वर साडेसहा इंच."
लाल मखमल जराशी हलते, टेप ताणली जाते.
मी लिहून घेते.
वीस वर्षांच्या नोकरीत
न बघता लिहिलेला पहिला आकडा.

छत गळतं म्हणून दुरुस्ती, दुरुस्तीसाठी नकाशा;
जुना नकाशा वाळवीनं वाचून संपवला.

नाशिकरोडच्या या कॅथेड्रलची एकही भिंत
रस्त्याला धरून नाही.
शेजारची पतपेढी सरळ, मिसळीचं दुकान सरळ,
रूळ तर सरळच.
हेच एक कुशीवर वळल्यासारखं.
होकायंत्र लावलं: पूर्वेपासून तेरा अंश दक्षिणेला.
"चूक नाही ती," ऊम्मन कपियार म्हणाले,
चपलांच्या ढिगाशेजारी बसून समईच्या वाती वळत.
"चौसष्ट साल, अठरा फेब्रुवारी.
पूर्व नेमकी कुठली, यावर
नोट प्रेसचे दोन सुपरवायझर हमरीतुमरीवर आलेले.
यल्लाप्पा धोत्रेनं पहार रोवली.
म्हणाला, उजाडू तर द्या.
उजाडलं. पहारेची सावली पडली.
तिच्यावरच फक्की ओढली."

म्हणजे हे देऊळ पूर्वेकडे बघतच नाही.
एका मंगळवारच्या सकाळीकडे बघतं.

त्याआधी प्रार्थना रेल्वे क्वार्टरच्या व्हरांड्यात,
पडदा म्हणून कुणाचा तरी लग्नातला शालू.
मग वर्गणी, मग जागा, मग दगड.
"आमच्याकडे जांभा," ऊम्मन सांगतात, "करवतीनं कापता येतो.
तुमचा हा काळा, छिन्नीला शिव्या घालतो."
क्रुसाचं चित्र पोस्टकार्डावर काढून दिलेलं,
चारी टोकांना उमलत्या कळ्या.
यल्लाप्पानं कळ्या काढल्या, पण त्या
कुठल्याशा बारवेवर त्याच्या बापानं कोरलेल्या कमळाच्या.
कुणी काही बोललं नाही.
बिशपनी हात फिरवला आणि तेल लावलं.

बाहेरची लांबी,
वजा आतली लांबी, वजा एक भिंत, वजा दुसरी:
एक फूट आठ इंच उरतात.
तीनदा मोजलं.
अच्चन आत, मी बाहेर, मधे मखमल,
दोघांचेही आकडे खरे.

ऊम्मननी हिशेबाची वही काढली.
नोटा मोजणाऱ्या माणसांचं अक्षर,
नवा पैसा इकडचा तिकडे नाही.
खिळे, साडेचार रुपये.
गूळ-शेंगदाणे, तुळई चढवली त्या दिवशी.
मंगलोरी कौलं, पैकी फुटकी एकतीस.
आणि पान उलटल्यावर, वेगळ्या शाईत:
"पूर्वेला आतून दुसरी भिंत. मधल्या पोकळीत वाळू,
वालदेवीची, बावीस गाड्या.
कारण: आगगाडी."

पहाटेची मेल गेली की म्हणे ज्योत थरथरायची,
पेल्यातल्या द्राक्षरसावर वलयं उठायची.
जुने अच्चन हात आवळून धरायचे, घाम फुटायचा.
यल्लाप्पा मागे उभा राहून बघायचा, म्हाताऱ्यांच्या रांगेत.
एक दिवस म्हणाला,
थरथर दगडाला कळते. वाळूला नाही कळत.

तो पडद्याच्या आत शेवटचा गेला
ती दुसरी भिंत बांधायला.
नंतर अभिषेक झाला, आणि
स्वतःच्या भिंतीकडे तो माझ्यासारखा
बाहेरूनच बघत राहिला असणार.

रात्री घरी नकाशा पुरा करते आहे.
दिसतं ते सलग रेघेनं, दिसत नाही ते तुटक.
वाळू ठिपक्यांनी दाखवतात, एकेक करून.
मी ही वाळू पाहिलेली नाही,
चौसष्टनंतर कुणीच पाहिलेली नाही,
तरी देत बसले आहे ठिपके,
दाट, विरळ, पुन्हा दाट.
दहाची पॅसेंजर गेली.
आमच्या बिल्डिंगच्या भिंतीत काही भरलेलं नाही;
टेबल हललं, पेन हललं,
दोन ठिपके भिंतीबाहेर पडले.

खोडले नाहीत.