भाग क्रमांक एकशे बारा

शाळेच्या फाटकापासून दोनशे मीटर मोजून
चुन्याची रेघ. रेघेच्या अलीकडं माझं टेबल,
टेबलावर यादी, फुटपट्टी, लाल पेन,
आणि पानं उडू नयेत म्हणून दोन रताळी.
यादी कन्नडात,
माणसं मराठी,
मधे मी, सत्तेचाळीस वर्षांचा, दोन्ही वाचणारा.

सात वाजायच्या आत म्हातारी रांगेत.
भरमाण्णा कुगजी, इस्त्रीच्या टोपीत.
सातेरी मुतगेकर, गुडघा घरचा उंबरा चढत नाही
खरं आज शाळेच्या चार पायऱ्या चढला.
यल्लुबाई बिर्जे, मनगटाला कालच्या सलाइनची चिकटपट्टी.
मावशी, घरी येऊन मत घेऊन जातात की आता,
फॉर्म भरला असतास तर?
म्हणाली, घरात आलेली पेटी कोण बघतंय रे,
रांगेत उभारलेलं गाव बघतंय.

दहापर्यंत साठीच्या पुढं सगळीकडं लाल रेघा.
विशी-पंचविशीची नावं मधे मधे कोरी,
तुटाळ पडलेल्या वाफ्यासारखी.
प्रणोती, पुण्यात.
सुहास, कुठं ते त्याच्या आईलाही नक्की माहीत नाही.
ओमकार हलगेकर, उद्यमबागेत फौंड्रीत,
फोन केला तर म्हणाला, बघतो.
बघतो म्हणजे आमच्याकडं नाही.
मेलेले तिघे यादीत अजून हजर,
जिवंत अकरा बंगळुरात.

त्या अकरांतला एक माझा.
बस अठराशे रुपये, पप्पा, आणि परत यायला रजा नाही.
आणि सीमा कुठली म्हणतोस?
माझं पार्सल दोन्हीकडं पोचतंय.
पाणी आठवड्याला एकदा येतं त्याचं कोण बोलतंय सांग,
त्याला देतो. पुढच्या वेळी.

बाप लुमाण्णा, त्र्याऐंशी. पहिल्या मतापासून एकच बाजू.
चिन्ह बदललं, माणसं बदलली,
एकदा तर आपलेच दोघे एकमेकांसमोर उभारले,
तरी बाजू तीच.
पडणाऱ्यालाच देतोस की रे, मी म्हणायचो.
म्हणायचा, मत काय नुसतं जिंकायला असतंय?
अजून किती उरलोय, ते मोजून घ्यायला असतंय.

हिंडलग्याच्या जेलात नऊ दिवस काढून आला तेव्हा
ती गोल अक्षरं वाचणार नाही म्हणाला, शिकलाच नाही.
त्यामुळं दर निवडणुकीला
स्वतःचं नाव दुसऱ्याला शोधायला लावतो.

आज तेजल होती, थोरल्या भावाची, एकोणीस वर्षांची.
पहिलंच मत. कॉलेजात कन्नडाला पंच्याऐंशी मार्क.
माझ्या हातातनं पट्टी घेतली, सरसर खाली आली,
आज्जा, हा बघ तू.
त्यानं चष्मा पुसला.
वाचलं नाही,
खरं तिच्या नखाशेजारी आपलं बोट टेकवलं,
आणि उगीच जरा वेळ तिथंच ठेवलं.

आत दोघं वेगवेगळ्या वेळी गेली, बाहेर एकदम आली.
कुणाला दिलंस, त्यानं विचारलं नाही.
तिनंही सांगितलं नाही.
कोपऱ्यावर दोघांनी गोटी सोडा घेतला,
तिची गोटी आत जाईना, ती त्यानं दाबून दिली.

पाच चाळीसला ओमकार, गाडी चालू ठेवूनच,
हातभर फौंड्रीची काजळी.
काका, शाई दिसंल का हो ह्यावर?
जा आधी, म्हटलं, धुतल्यावर दिसंल.

मग बेरीज करायला बसलो.
पट्टी एकेक ओळ खाली सरकत आली
आणि बापाच्या लाल नावाखाली थांबली.
पुढची ओळ कोरी.
वाचली. परत वाचली.
माझीच होती.

सहाला नऊ मिनिटं कमी.
रताळी यादीवर नीट ठेवली,
चप्पल शोधली,
आणि चुन्याची रेघ ओलांडली.
कुणाला द्यायचं
ते आता दोनशे मीटरांत ठरवायचं होतं.