नाल

द्वारकेच्या मागे, द्राक्षपेट्यांच्या गोदामावर
सहा खुर्च्या, एक हिरवी चादर,
आणि झाकणाला चीर पाडलेला बिस्किटांचा डबा.
मालकाचं आडनाव पगार.
रोजचा पगार त्याला एकट्यालाच, हा इथला जुना विनोद.
सगळ्यात मोठ्याने तोच हसतो.

शंभराला पाच. डावामागे दोनशेच्या वर नाही.
मधले तीन पत्ते उघडलेच नाहीत तर काहीच नाही.
पाटी नाही, पावती नाही.

घोडा पळतो, नाल झिजते.
इथे नाल शाबूत,
घोडे झिजतात.

एकदा मी हिशेब मांडला, खोक्याच्या पुठ्ठ्यावर.
सहा जण, पाच-पाच हजार घेऊन आलेले, तीस.
पहाटे सगळ्यांचे खिसे मिळून बावीस हजार सहाशे.
कौतिक म्हणे, मी निंबाला हरलो.
निंबा म्हणे, तांबोळीला.
तांबोळी किलवरच्या गुलामाला शिव्या देत होता.
डब्याकडे कोणी पाहिलं नाही.
डबा ब्लफ मारत नाही,
त्याला पत्तेच वाटलेले नसतात.

तेव्हापासून मी गुलाम-दश्शी टाकून देतो.
चिल्लर डावासाठी भांडत नाही.
पान लागलं की आधीच मोठं बोलतो,
सगळे पळाले तर डबा उपाशी,
थांबलाच कोणी
तर डाव इतका फुगवायचा
की पाच टक्क्यांनी दोनशेवर येऊन दम टाकावा.
बाकी वेळ बसून राहतो.
कौतिक विचारतो, शेंगदाणे खायला येतोस का रे?
पगारनेही ओळखलंय,
माझ्या चहात हल्ली आलं नसतं.

असं खेळून जिंकतो का?
कमी हरतो.

निंबा आहेर एकतीस वर्षं नाशिकरोडला, नोटांच्या छापखान्यात.
कोऱ्या गड्ड्या मोजून बोटं गुळगुळीत झालेली,
आधारच्या मशीनला त्याचा अंगठा लागत नाही.
निघताना दारात तो अजून
दोन्ही हात वर करून उभा राहतो,
गेटवरच्या झडतीची सवय.
काल पगारने गमतीत त्याचे खिसे चाचपले.
"जा," म्हणाला, "काही नाही तुझ्याकडे."

खाली पहिला टेम्पो रिव्हर्स घेत होता.
निंबाने हात सावकाश खाली घेतले,
चपला शोधल्या,
आणि विचारलं, उद्या किती वाजता?