नवव्या पेटीतला उंदीर

एप्रिलात रापोलसकाकांनी नववी पेटी उघडली
आणि मला काउनासला फोन केला:
"स्काइस्ते, येताना तुझ्या त्या काचेच्या बशा आण."

पेटीच्या तळाशी उंदीर होता.
ऊब शोधत शिरलेला,
सप्टेंबरातच डंखांनी मेलेला.
वारलेली बहीण माश्या दारापर्यंत ओढत नेतात,
बाहेर लोटतात, कामाला लागतात.
उंदीर म्हणजे त्यांच्या लेखी डोंगर.
म्हणून त्यांनी तो लिंपला,
शेपटीपासून मिशांपर्यंत.
कानाच्या पाळीची आतली बाजूसुद्धा सोडली नाही.
तपकिरी, चकचकीत, खारकेसारखा टणक.
नाकाशी नेला तर वास
पॉपलरच्या कळीचा,
थोडा चर्चमधल्या जुन्या बाकाचा.
मरणाचा नाही.

आमच्याकडे याला पिकिस म्हणतात.
पॉपलरच्या कोंबांना जो चिकट घाम सुटतो
तो दुपारच्या उन्हात मऊ पडला तरच खरवडता येतो.
मागच्या पायांवर लादून आणलेलं हे ओझं
आणणारीला स्वतःला उतरवता येत नाही.
ती भेगेपाशी उभी राहते, तासभरसुद्धा,
आणि दुसरी कोणी येऊन
चावे घेत घेत तिला मोकळी करते.
काका म्हणतात,
घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यालाच ताटकळावं लागतं, ते असं.

प्रयोगशाळेत दोन बशा मांडल्या.
काकांच्या घरच्या दारूत तीन आठवडे मुरलेला अर्क
(दारूचा हिशेब त्यांनी वेगळा मागितला),
त्यात बुडवून कागदाची टिकली मधोमध ठेवली.
पहिल्या बशीत पुवाचे जंतू.
चोवीस तासांत त्यांनी बशीभर साय धरली,
पण टिकलीभोवती एक स्वच्छ गोल.
पट्टी लावली: एकोणीस मिलिमीटर.
एवढंसं अंगण, पण सारवलेलं.

दुसऱ्या बशीत आतड्यातले जंतू.
त्यांनी टिकलीला खेटूनच संसार मांडला.
वहीत लिहिलं: शून्य.
लिहिताना उगीच वाटलं
आपण कुणाची तरी चुगली करतोय.

मग उंदराच्या पाठीवरून कापसाचा बोळा फिरवला,
तोही वाढायला ठेवला.
तीन दिवस काही नाही.
चौथ्या दिवशी कडेला एक पांढरा ठिपका,
मोहरीएवढा, एकटा.
आमच्या विभागाच्या बाई म्हणाल्या, हातमोज्यातून आला असेल.
असेल.
मला वाटतं, सगळंच मारायचं
माश्यांनी ठरवलं नव्हतं.
घर चालत राहील इतपत
कुजण्याला एका कोपऱ्यात बसवून ठेवलं होतं,
खाली मान घालून.

आमच्या भाषेत मरण्याची क्रियापदं निराळी.
गाय, कुत्रा, मांजर यांची वेगळी,
माणसाचं वेगळं, आणि तेच मधमाशीचं.
मधमाशी मरत नाही, वारते.
लहानपणी हे चुकलं की काका वाक्य तिथेच थांबवायचे,
शाळेतल्या बाईंपेक्षा कडक.

परवा निकाल घेऊन गेले.
काकांनी एकोणीसही ऐकलं, शून्यही.
शून्यावर मान हलवली,
शेजाऱ्याची जुनी खोड कुणी नव्याने सांगावी तशी.
उंदीर खिडकीत होता, सुईदोऱ्याच्या डब्याशेजारी,
उन्हाने त्याची पाठ जराशी मऊ पडलेली.
"पुरायचा का?" मी विचारलं.
ते चौकटीवरचा पिकिस चाकूने खरवडत राहिले,
पात्याला चिकटलेला अंगठ्याने गोळा केला,
गोळी वळली,
मग म्हणाले,
"कशाला? तो वारला तेव्हाच
त्यांनी सगळं उरकलंय."

मी त्यांना सुधारलं नाही.
बसमध्ये, दोनदा साबण लावूनही,
तिकीट बोटांना सोडत नव्हतं.