डाव्या हाताची निशाणी

बाबांचा डावा अंगठा पुराव्यात आहे.
पगाराच्या रजिस्टरात, पान एकोणीस ते सत्तावीस,
दर महिन्याच्या सात-आठ तारखेला
निळ्या शाईचा वाटोळा डाग,
पुढे कंत्राटदाराच्या अक्षरात : हिरामण लहानूजी निखाडे.
अंगठा स्वतः हिंगण्याच्या एमआयडीसीत राहिला,
कुलरच्या पत्र्याला झरोके पाडणाऱ्या प्रेसखाली.

त्या वर्षी मी नववीत होते.
डिगडोहच्या खोलीत बाबा दिवसभर
भिंतीकडे तोंड करून पडायचे.
मीच म्हटलं, सही शिका. उजवा तर शाबूत आहे.
माझ्या दुरेघी वहीत ‘हि’ सात दिवस चालला,
वेलांटी दरवेळी शेजारच्या अक्षरावर जाऊन पडायची.
रोज वर कोपऱ्यात तारीख घालायचे मी,
आमच्या बाईंसारखी, लाल पेनाने.
दिवाळीच्या आत पूर्ण नाव आलं.
वकीलपत्रावर पहिली सही केली त्यांनी
टायपिस्टच्या टेबलाशी वाकून.
बॉलपेन होता,
तरी कागदावर फुंकर मारली.

कामगार न्यायालयाने तीन वर्षांनी निकाल दिला.
अनुसूचीत अंगठा तीस टक्के.
“मंग मी सत्तर रायलो का?”
वकीलसाहेब हसले,
मग फाइल बांधत बसले.

मालक अपिलात गेला.
रक्कम आधी कोर्टात भरावी लागते, ती भरली त्याने.
“तिथं काय करत असन ते पैसे?”
आई दर पोळ्याला विचारते,
रस्ता चुकलेल्या पाहुण्याबद्दल विचारावं तसं.

हायकोर्टात सहा वर्षं आमचा नंबर
सकाळी बोर्डावर चढायचा,
संध्याकाळी उतरायचा.
तेवढ्यात माझी बारावी झाली, बी.कॉम. झालं,
सक्करदऱ्यात एका सीएकडे नोकरी लागली.
आज, सुट्ट्या लागायच्या आधी, एप्रिलच्या उन्हात,
नंबर पोहोचला.

मालकाचे वकील फार हळू बोलतात.
पान उलटलं, चष्मा वर सरकवला :
अर्जदार साक्षर आहे.
वकीलपत्रावर सही, शपथपत्रावर सही,
उलटतपासणीच्या पानापानावर सही.
सही येणारा माणूस अंगठा कशाला देईल?
रजिस्टरातला ठसा अर्जदाराचाच, हे ताडून दाखवलेलं नाही.
टोमणा नव्हता तो.
अपिलाच्या कारणांत तसं टाइप केलेलं आहे,
कारण क्रमांक सात.

आमचे वकील उठले, कलम म्हणाले,
म्हणाले, हा वस्तुस्थितीचा प्रश्न, कायद्याचा नव्हे.
मला नीट ऐकू येत नव्हतं.
बाबांच्या त्या सहीवरची शिरोरेषा
अजून माझ्यासारखीच उजवीकडे चढते,
ती समोरच्या टेबलावर उघडी पडली होती
आणि मालकाच्या बाजूने साक्ष देत होती.

जेवणाच्या सुट्टीत मी वहीचं सांगितलं.
पेटीत आहे, म्हटलं. तारखांसकट.
वकील बराच वेळ माझ्याकडे पाहात राहिले.
“अपिलात नवा पुरावा... अर्ज करावा लागेल. बघू.
तू तेव्हा अज्ञान होतीस ना?”
हो म्हटलं. चौदा वर्षांची.

बाबा व्हरांड्याच्या टोकाशी होते,
भिंतीला लावलेल्या जुन्या कुलरपाशी.
पत्र्याच्या झरोक्यांवरून उजव्या हाताचं बोट फिरवत
चौथ्यावर थांबले.
“पाय, इथं दात हाय.
डाय घासली होती त्या साली.
सांगतलं होतं म्या मालकाले.”

मी बोट लावून पाहिलं.
बारीक, पण लागतं.

मग शर्टाची वरची दोन बटणं काढून
ते त्या वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले,
आमचं नाव पुन्हा पुकारेपर्यंत.